पल्क्रिट्यूड : सौंदर्याला इतका खडबडीत शब्द?

मोगरी : मुलीच्या इंग्रजी शब्दस्पर्धेच्या यादीत परवा 'पल्क्रिट्यूड' आला. अर्थ सौंदर्य, त्यातही माणसाचं देखणेपण. तिनं दोनदा मोठ्यानं म्हटला आणि विचारलं, "आई, हा आजार आहे का गं?" मला तिचं पटलं. 'पल्क्'ला जीभ मागे आपटते, 'क्रि' घशाला खरवडतो. तेच 'लावण्य' म्हणून बघा, कुठे काही अडत नाही. ज्याचा नाद अर्थाच्या उलट जातो, तो शब्द फसलाच, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुनंपान : अजिबात नाही पटलं. शब्द लॅटिन आहे, कान मात्र आपले. 'पुल्खेर' म्हणजे सुंदर, त्याला आपल्या '-पणा'सारखा 'तूदो' लागून 'पुल्ख्रितूदो' झाला. ग्रॅटिट्यूड, सॉलिट्यूडमध्ये तेच शेपूट आहे, ते कुठे खटकतं? ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन आपल्या लॅटिन आत्मकथनात देवाला 'इतक्या जुन्या, इतक्या नव्या सौंदर्या' अशी हाक मारतो, ती याच शब्दानं. आर्त प्रार्थनेत बसलेला शब्द कुरूप कसा म्हणायचा?

मोगरी : प्रार्थनेत असेल हो, पण लोकांच्या तोंडी राहिला का? इटालियन 'बेल्लो' आणि फ्रेंच 'बो' आले 'बेल्लुस'वरून, स्पॅनिश 'एर्मोसो' आला 'फोर्मोसुस'वरून, म्हणजे सुंदरसाठीच्या दुसऱ्या लॅटिन शब्दांवरून. इंग्रजी ब्यूटीसुद्धा फ्रेंचमार्गे बेल्लुसच्याच घरातली. पुल्खेर बोलण्यातून गळाला तो गळालाच. पल्क्रिट्यूड पंधराव्या शतकापासून इंग्रजीत आहे, तरी आजही पुस्तकीच.

मिठागर : मोगरीताई, लावण्याचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून लिहितो. ते आलंय लवणावरून, म्हणजे मिठावरून. अरबीतही मीठ 'मिल्ह' आणि देखणा तो 'मलीह'. जिभेवर मिठाचा खडा ठेवा, आधी तो झोंबतोच. तेच मीठ आमटीत पडलं की चव येते. शब्दाचंही तसंच आहे, सुटा उचलून चाखू नये. लावण्य आपल्याला गोड लागतं ते लहानपणापासून गाण्यांत ऐकलं म्हणून.

जुनंपान : +१. आणि लोकांच्या कानाचं म्हणाल, तर या शब्दातला हकार, म्हणजे 'क'चा 'ख' करणारा 'ह', लोकांनीच घातलाय. रोमन वक्ता सिसेरो इ.स.पू. ४६मध्ये लिहितो की पूर्वजांसारखं तोही 'पुल्क्रोस' असं हकाराशिवाय म्हणायचा. पण आजूबाजूच्यांच्या कानांना ते चालेना. शेवटी त्यानं उच्चार लोकांवर सोडला आणि जाण स्वतःपाशी ठेवली. म्हणजे रोमच्या रस्त्यावर हा 'ख' कुणाला तरी गोड लागत होता.

मोगरी : हे माहीत नव्हतं, मनापासून आभार. मुलीला 'पुल्ख्रितूदो' म्हणायला लावलं. 'ख' सावकाश सोडत म्हणाली, "हा छान आहे, श्वास घेतो." मिठागर, सवयीचं तुमचं म्हणणंही मान्य. पण इंग्रजीनं तो हकार फक्त स्पेलिंगमध्ये ठेवला आणि तोंडात कोरडा 'क' उरला. माझी तक्रार त्या 'क'बद्दल आहे आणि ती मी मागे घेत नाही.