एप्रिलमध्ये ठाणे खाडीवर रंगात आलेले चिखलपक्षी कुठे बघावेत? सल्ला हवा

कवडीकर
नमस्कार मंडळी. मी पुण्याची. बाबा निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात पुण्याजवळ नदीकाठच्या कवडीपाटला पक्षी बघायला जातात. शेकाट्या, चक्रवाक, तुतारी हे सगळे त्यांच्या ओळखीचे. पण खाडीवरचे चिखलपक्षी त्यांनी फक्त करड्या हिवाळी पिसांतच पाहिलेत. परतीच्या प्रवासाआधी हेच पक्षी तांबडे-काळे होतात असं वाचल्यापासून ते त्यांना एकदा बघायचेच आहेत. एप्रिलमध्ये दोन दिवस मुंबई-नवी मुंबईत राहू शकतो. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही, तास-दीड तास उभंही राहवत नाही. ऐरोलीची बोट, भांडुप पंपिंग स्टेशन, नेरूळ की सरळ अलिबागजवळचं आक्षी? आणि एप्रिलचा कोणता आठवडा धरू?

खाडीकाठ
ताई, जागा नंतर ठरवा, आधी भरती बघा. ठाणे खाडीत सगळा खेळ पाण्याचा आहे. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि पक्षी पार आत जाऊन चरतात, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरतीचं पाणी चढू लागलं की चिखल कमी कमी होत जातो आणि तेच पक्षी काठाकडे ढकलले जातात. पूर्ण भरतीला चरायला जागाच उरत नाही, तेव्हा ते आतल्या तळ्यांवर नि मिठागरांत येऊन एका पायावर विसावतात.

आमच्याकडचं जुनं गणित सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. म्हणजे एप्रिलातली एकादशी ते त्रयोदशी धरा, शुक्ल किंवा वद्य कुठलीही. सकाळी साडेसहा-सातला पोचलात तर पाणी चढताना पक्षी जवळ येताना दिसतील, आणि ऊन तापायच्या आत तुम्ही घरी. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी कमी चढतं, बरेच पक्षी आत येतच नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं, पण भरती ऐन दुपारी बाराच्या सुमाराला. एप्रिलच्या उन्हात बाबांना तेव्हा नेऊ नका. हा अंदाज झाला, निघण्याआधी छापील भरतीचं कोष्टक बघाच.

पाणथळप्रेमी
वरच्या उत्तराशी शंभर टक्के सहमत. जागेबद्दल माझं मत: बाबांसाठी नेरूळ. टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागचं पाणथळ पाम बीच मार्गाला लागून आहे, गाडीतून उतरून फार चालावं लागत नाही. भरतीला रोहित (फ्लेमिंगो) तिथे येतात. मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद लाल, लांबून काळपटच वाटते.

भांडुप मला स्वतःला सगळ्यात आवडतं. कांदळवनातून जाणारी कच्ची वाट, दोन्ही बाजूंना तळी. पण चालणं जास्त आहे आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, आधी चौकशी करा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची बोट बसून बघायला सोयीची. तिच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, आरक्षण आधी करा. मात्र हलत्या बोटीतून बारीक चिखलपक्षी ओळखणं कठीण जातं. बोट रोहितांसाठी, रंगांसाठी काठ.

आक्षीचा
आक्षी माझं गाव, पण तुमच्या बेताला मी नको म्हणेन. हिवाळ्यात इथे ऑयस्टरकॅचर, सँडरलिंग, कुरवांचे (गल) थवे असतात. एप्रिल मध्यापर्यंत बरेच निघून जातात, आणि वाळूत चालणं गुडघ्यांना वाईट. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जरूर या. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं हिवाळ्यात पांढरं असलेलं डोकं तेव्हा चॉकलेटी होऊ लागलेलं असतं.

तुतारीवाला
आठवड्याबद्दल. पुष्कळजण मार्च म्हणतील, कारण तेव्हा संख्या जास्त असते आणि काही बदकंही अजून असतात. रंग बघायचे तर मी एप्रिलचा दुसरा पंधरवडाच घेईन.

बाबांना सांगा, कर्ल्यू सँडपायपरवर लक्ष ठेवा. खाली वाकलेली काळी चोच आणि उडताना कमरेवर दिसणारा पांढरा पट्टा या दोन खुणा. हिवाळ्यात अंगानं राखाडी-पांढरा असलेला हा पक्षी एप्रिलमध्ये पोटाकडून विटकरी होत जातो. एका थव्यात एक पूर्ण तांबडा, दुसऱ्याच्या छातीवर नुसते लाल डाग, तिसरा अजून करडाच, असं दिसतं. उकलत्या पिसांच्या कडा पांढऱ्या असल्यामुळे पोट खवल्यांसारखं वाटतं. हे पक्षी इथून सायबेरियाच्या टुंड्रात अंडी घालायला जातात. शेजारीच सँड प्लोव्हर असतील. त्यांच्या छातीवर तांबूस पट्टा आणि डोळ्यांवर काळा मुखवटा चढलेला असतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान-छाती गंजाच्या रंगाची होते. करडेच राहिलेले पक्षी बहुधा पहिल्या वर्षाचे. त्यांच्यातले बरेच उन्हाळाभर इथेच राहतात.

एक कळकळीची विनंती. फोटोसाठी पुढे पुढे सरकू नका. या दिवसांत ते प्रवासासाठी चरबी साठवत असतात, काही जातींचं वजन जवळपास दुप्पट होतं. भरतीला विसावलेला थवा उडवला की तीच चरबी जळते. एका जागी बसून राहा, पाणीच त्यांना तुमच्याकडे आणेल.

कवडीकर
खूप आभार! बाबांनी लगेच कालनिर्णय काढलं आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या द्वादशीवर खूण केली. पहिल्या सकाळी नेरूळ, दुसऱ्या दिवशी ऐरोलीची बोट. एकच शंका: आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरेल का?

तुतारीवाला
चढत्या पाण्यात पुरेल. कुणाचा स्कोप (पक्षी बघायची एकडोळी दुर्बीण) मिळाला तर तिपाईवर लावून बाबांना बसूनच बघता येईल. घडीचं स्टूल, टोपी आणि भरपूर पाणी न्या. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा, नाहीतर तांबडा पक्षीही काळाच दिसतो. जाण्याच्या आदल्या रात्री ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या जागेच्या ताज्या नोंदी चाळा, आणि परत आलात की तुमचीही नोंद टाका.