केळीच्या घडावर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या (स्कर्टिंग बॅगा) जाळायच्या नाहीत, मग करायचं काय? मदत हवीये

नमस्कार मंडळी. धागा लांबणारे, आधीच सांगते. दोन महिन्यांपासून हे डोक्यात घोळतंय आणि घरात बोलून बोलून सगळे कंटाळलेत, म्हणून इथं लिहितेय. केळीवाल्यांनी नक्की वाचा, बाकीच्यांनीही वाचा.

आम्ही रावेर तालुक्यातले, तापी आणि सातपुड्याच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. तीन एकर केळी, त्यातली दोन एकर मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि एक एकर कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड), बाकी थोडी कपाशी. लग्नाआधी मी जळगावात राहायचे, तिथं ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लागली ती इथं पण आणली. परसात ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे, बाजाराला कापडी पिशव्या, पोरांना स्टीलच्या बाटल्या, पॅड कागदात गुंडाळून वेगळे ठेवायचे, हे सगळं मी नेमानं करते आणि मनापासून करते. मला वाटायचं आपल्यापुरतं आपण नीट चाललोय.

मग एक दिवस सहज हिशोब केला. आमची लागवड पाच बाय पाच फुटांवर आहे, म्हणजे एकरी साधारण १,७४० झाडं, तीन एकराची ५,२०० च्या वर. बाग निसवली (घड बाहेर पडले) की प्रत्येक घडाला एक स्कर्टिंग बॅग चढते. म्हणजे ५,२०० पिशव्या! मी बाजारात रोज एक कॅरीबॅग वाचवली तरी वर्षाच्या ३६५ होतात. चौदा वर्षं वाचवत बसले तर आमच्या एका हंगामाएवढ्या होतील. घरच्या काट्यावर दहा पिशव्या टाकून बघितल्या तर पाव किलोच्या आसपास भरल्या, म्हणजे सगळ्या मिळून सव्वाशे-दीडशे किलो. हे फक्त आमचं, आणि आमची बाग लहान म्हणतात तसली आहे.

या पिशव्यांचं होतं काय, तर कापणी टोळी येते, घड उतरवते, पिशव्या ओरबाडून बांधावर टाकते, गाडी भरून निघून जाते. मग नाना (सासरे) म्हणतात काडी लावा. आणि काडी लावते कोण तर निंदणीला येणाऱ्या बाया. त्यांची घरं आमच्या शेताला लागून नाल्यापलीकडे आहेत, बारा-तेरा घरं, तडवी आणि पावरा आदिवासींची, कुडाच्या भिंती. संध्याकाळी वारा पडला की धूर वर जातच नाही, तसाच खाली बसतो आणि नाल्यावरून सरकत त्यांच्या घरात शिरतो. आमचं घर गावात, दीड किलोमीटरवर. आम्हाला कधी वास पण येत नाही.

हे मला दिसलं जानेवारीत. कांदेबागेची कापणी संपत आली होती आणि शेतात भरीत पार्टी होती, पुण्याहून पाहुणे आलेले. वांगी मुद्दाम बामणोदहून आणलेली, ती पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजत होतो, आणि पन्नास पावलांवर बांधावर पिशव्यांचा ढीग जळत होता. पाहुण्यांतल्या एका काकूंना ठसका लागला तर नानांनी लगेच पाणी टाकून ढीग विझवायला लावला. एका मिनिटात विझला. तेव्हा जी बाई पाणी टाकत होती ती मला हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्याकडं रोज येतो धूर." तक्रार म्हणून नाही म्हणाली, नुसतं सांगितलं. आणि त्या दिवशी जेवणं कशात झाली माहितीये का, प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पत्रावळीत, सभोवती एक एकर केळीची पानं असताना. ती ताटं पण दुसऱ्या दिवशी त्याच ढिगात गेली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

मग जूनमध्ये मृगबागेची कापणी लागली तेव्हा मी जाळू दिलं नाही. पिशव्या पोत्यात भरून त्याच बायांना दिल्या, पावसाळ्यात सरपण झाकायला, कुडाला लावायला होतील म्हणून. त्या पण हो म्हणाल्या. जुलैच्या झडीत एकीचं पोर आजारी होतं म्हणून मी बघायला गेले. सरपण ओलं होतं, ती चूल पेटवत होती, आणि पेटवायला तिनं आमचीच निळी पिशवी पिळून काडीला लावली. भडकन पेटली, थेंब थेंब गळत होती चुलीत, आणि तो काळा धूर बंद खोलीत, पोर तिथंच गोधडीवर. मी काही बोलूच शकले नाही. म्हणजे आधी बांधावर जळत होतं ते मी नेऊन तिच्या घरात जाळायला दिलं. चांगलं करतेय असं समजून.

आता मी काय काय करून बघितलं ते सांगते. भंगारवाल्याला विचारलं, तो म्हणे पातळ माल, चिकानं भरलेला, मातीचा, कोण घेणार. पंचायतीच्या घंटागाडीवाल्याला विचारलं, तो म्हणे टाका गाडीत, पण ती गाडी गावाबाहेर खड्ड्यात रिकामी होते आणि तिथं पण काडीच लागते. ज्या दुकानातून बॅगा घेतो तिथं विचारलं परत घेता का, तर तो हसला. नांगरून मातीत घालणं तर नकोच, मागच्या मालकाच्या वेळचे तुकडे अजून निघतात रोटाव्हेटरला.

बॅगाच लावू नका असं कृपया सांगू नका. नानांशी यावरून दोनदा वाजलंय आणि त्यांचं चुकीचं नाहीये. सालीला डाग पडला की भाव पडतो, थ्रिप्स कीड आहे, उन्हाळ्यात धूळ आहे, थंडीत गारठा आहे. २०१६ साली आपल्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आता माल आखाती देशात जातो, आणि तिथं डागी फणी कोणी घेत नाही. ज्याचं पोट केळीवर आहे त्याला बॅग सोड म्हणणं सोपं नाही. मला फक्त एवढं हवंय की त्या बॅगेचा धूर, ज्यांची केळी नाही आणि ज्यांना भावातला रुपया मिळत नाही, त्यांच्या नाकात जाऊ नये.

तर कोणी तुमच्याकडं या पिशव्या खरोखर कुठं दिल्यात का? कशा अवस्थेत दिल्या की घेतात? आणि पंचायतीत हे कुणाच्या कानावर घालायचं? दसऱ्यानंतर कांदेबागेची कापणी लागेल, त्याआधी काहीतरी ठरवायचंय.

प्रतिसाद – चोपड्याचा केळीवाला

ताई, आम्ही मागच्या वर्षी दिल्यात, म्हणून लिहितो. भंगारवाल्याचं बरोबर आहे, ओला आणि मातीचा माल कोणीच घेत नाही कारण धुण्यातच त्याचा पैसा जातो. चूक तिथं होते की टोळीवाले ओरबाडून खाली टाकतात. टोळीच्या मुकादमाला आधी सांगायचं की पिशवी घडावरून काढली की जमिनीवर टाकायची नाही, बांधाला तार ओढून ठेवा, तिच्यावर अडकवायची. दोन दिवसात चीक वाळतो, मग झटकली की माती पडते. दुसरं म्हणजे तुमच्या बॅगा कोणत्या आहेत बघा, कापडासारख्या लागतात त्या नॉन-वोवन, त्या पॉलीप्रॉपिलीनच्या. पारदर्शक पातळ असतात त्या साध्या पॉलिथिनच्या. दोन्ही एकत्र केल्या की माल पडला, दोघांचा दाणा (प्लास्टिक वितळवून करतात तो) वेगळा पडतो. बांधायची सुतळी आणि पट्टी पण काढून टाका. जळगावला एमआयडीसीत जुन्या प्लास्टिकचा दाणा करतात, चटयांचे कारखाने आहेत, पण दीडशे किलोसाठी कोणी गाडी पाठवत नाही. आम्ही अठरा जणांनी मिळून टेम्पो भरला. पैसे फार नाही आले, भाडं निघालं आणि थोडे उरले.

प्रतिसाद – ग्रामसभा_आठवण

नियमाचं सांगतो. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० दंड. पण ताई, गावात दंडाची भाषा आधी काढू नका. दंड झालाच तर काडी जिच्या हातात सापडेल तिला होईल, मालकाला नाही. त्यापेक्षा २ ऑक्टोबरची ग्रामसभा येतेय. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम खेड्यांना पण लागू आहेत, म्हणजे गोळा करून पुढं पाठवणं ही पंचायतीची जबाबदारीच आहे. आणि स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला प्लास्टिक युनिटसाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद केली होती. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचा ग्रामसेवक) एवढंच विचारा की आपल्या तालुक्याचं युनिट कुठं आहे आणि आपल्या गावाचा माल तिथं कधी जाणार. तोंडी नको, अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रतिसाद – आशा कार्यकर्ती, सातपुडा पायथा

मी वस्त्यांवरच फिरते, चुलीत प्लास्टिक हे मी रोज बघते. बाया मुद्दाम करत नाहीत. गॅसची टाकी भरायला पैसे नसतात, झडीत सरपण पेटत नाही, मग हाताला येईल ते. त्यांना प्लास्टिक जाळू नका असं सांगून उपयोग नाही, कोरडं पेटवण द्या. तुमच्याकडं कपाशी आहे ना, फेब्रुवारीत उपटली की पऱ्हाट्या शेतातच पेटवून देतात बरेच जण. त्याच्या मोळ्या बांधून पावसाळ्यासाठी शेडमध्ये टाका आणि झडीत द्या. तुराट्या (तुरीच्या काड्या) असतील तर अजून बऱ्या. पऱ्हाट्याचा पण धूर असतोच, पण पिशवीपेक्षा कितीतरी बरा.

आणि एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. वरच्या दादांनी तारेवर अडकवा, झटका, वेगळ्या करा असं लिहिलंय. ते करणार कोण? त्याच बाया. पाच हजार पिशव्या झटकून बांधायला दोन-तीन दिवस लागतील. ते निंदणीच्या रोजात "जाता जाता करून टाका" असं नको. त्याचा वेगळा रोज द्या, तोंडाला बांधायला काहीतरी द्या, आणि चटईवाल्याकडून पैसे उरले तर ते कुणाचे हे आधी ठरवा.

मूळ लेखिका

तिघांचेही मनापासून आभार. ताई, राग कसला, तुम्ही लिहिलं ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी पिशव्यांचं वजन केलं, आकडा काढला, पण त्या झटकायला किती दिवस लागतील आणि ते कुणाचे दिवस, हा हिशोब केलाच नाही.

आमच्या बॅगा दोन्ही प्रकारच्या निघाल्या, मृगबागेला नॉन-वोवन आणि कांदेबागेला साध्या. काल रात्री नानांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दंडाचं ऐकून काही बोलले नाहीत, पण अठरा जणांच्या टेम्पोवर दोनदा विचारलं, कोणतं गाव, भाडं किती पडलं. मग म्हणाले तार मी ओढून देतो, गोठ्यामागं जागा आहे, पण रोजाचं तू बघ. रोज मी माझ्या दुधाच्या पैशातून देणार आहे या वर्षी, पुढच्या वर्षी बागेच्या खर्चात धरायला लावीन, खताचा धरतात तसा. उरलेले पैसे बायांचे, हे नानांसमोरच बोलून घेतलंय.

वस्तीवर पण जाऊन आले. जिच्या घरी चूल बघितली होती तिला सांगितलं की मी दिलेल्या पिशव्या परत द्या, माझं चुकलं. अर्ध्याच राहिल्या होत्या. तिनं पोतं काढून दिलं आणि विचारलं, मग झडीत काय देशील? मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या भरीतासाठी ठेवलेल्या होत्या थोड्या, त्यातल्या सात मोळ्या पाठवल्या आज.

चोपड्याचे दादा, भाडं किती पडलं ते सांगा, नाना रोज विचारतायत. आणि सावदा, फैजपूर, रावेर बाजूचे कोणी वाचत असाल तर इथंच लिहा, किती एकर आणि कोणत्या बॅगा. माझ्या दीडशे किलोला टेम्पो येणार नाही. दिवाळीच्या आत पंधरा जण तरी लागतील.