समुद्र, अर्थशास्त्र आणि कायदा मिळून एक पदवी घेता येईल का?

प्रश्न (मालवण)

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात काकांकडे राहतो आणि तेथील एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयात) प्रवेश घेणार आहे. एकच विषय घेण्याऐवजी समुद्री जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि किनाऱ्याशी संबंधित कायदा हे तिन्ही एकत्र करून आपला अभ्यासक्रम आपणच आखावा, असे त्याच्या मनात आहे. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केली जाणारी मासेमारी, आहे. ती दिवसेंदिवस का परवडेनाशी झाली, हे समजून घ्यायचे तर एका विषयाने भागणार नाही, असे तो म्हणतो आणि मला ते पटते. बाबांना मात्र हे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' वाटते. अशी पदवी पुढे ग्राह्य धरली जाते का? आरंभ कसा करावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मूळचा गुहागरचा, सध्या कॅलिफोर्निया)

ताई, आपल्या भावाची कल्पना उत्तम आहे, परंतु ती कोणत्या टप्प्यावर राबवायची हे आधी ठरवावे लागेल. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी ६० युनिटांची (श्रेयांकांची) असते आणि येथील नियमानुसार त्यांपैकी किमान १८ युनिटे एका मुख्य विषयात किंवा निश्चित अभ्यासक्षेत्रात पूर्ण करावी लागतात. म्हणजे मोकळीक आहे, पण वाटेल ते विषय गोळा करण्याइतकी नाही. निसर्गविज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे अशी व्यापक अभ्यासक्षेत्रे बऱ्याच कॉलेजांत असतात आणि त्यांत त्याची आवड बऱ्यापैकी बसू शकते.

खरी स्वतः आखलेली पदवी पुढच्या दोन वर्षांत, विद्यापीठात गेल्यावर मिळवता येते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा असा मुख्य विषय आहे की ज्यात विद्यार्थी आपले संशोधनक्षेत्र स्वतः ठरवतो आणि शेवटी प्रबंध लिहितो. न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट विद्यापीठ १९७१ मध्ये स्थापन झाले, ते मुळात याच विचाराने. तेथे विद्यार्थी मार्गदर्शकाच्या साहाय्याने पदवीचा आराखडा करतो आणि हेच विषय एकत्र का घेतले, याचे सविस्तर लेखी समर्थन देतो. आपल्या भावाने असे एक-दोन पानी समर्थन आताच लिहून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. जो विषय त्या पानांत स्वतःची जागा सिद्ध करू शकत नाही, तो सोडून द्यावा.

आता अडचणीची गोष्ट. जीवशास्त्राकडे जायचे असेल, तर रसायनशास्त्र आणि गणित यांचे अभ्यासक्रम साखळीसारखे एकामागून एक येतात. पहिल्या सत्रात रसायनशास्त्राला बगल दिली, तर पुढची प्रयोगशाळा अडते, तिच्यामागची आणखी अडते आणि दोन वर्षांचे काम तीन वर्षांवर जाते. अर्थशास्त्र आणि कायद्याचे प्राथमिक अभ्यासक्रम कोणत्याही सत्रात घेता येतात, विज्ञानाची साखळी मात्र थांबत नाही. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठ कम्युनिटी कॉलेजमधील जास्तीत जास्त ७० सत्र-युनिटे पदवीच्या हिशेबात धरते, त्यामुळे हौसेने घेतलेले जादा अभ्यासक्रम वाया जाऊ शकतात. कोणता अभ्यासक्रम कोठे चालतो, हे 'असिस्ट' या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय पाहता येते. ते पाहून, समुपदेशकाकडून लेखी आराखडा घेऊनच नावनोंदणी करावी.

उत्तर २ (रत्नागिरी, प्राध्यापक)

वरील मताशी मी सहमत आहे. एक भर घालतो. भाऊ परत येण्याचा विचार करत असेल, तर दोन वर्षांची असोसिएट पदवी आपल्याकडील पदवीच्या बरोबरीची मानली जात नाही, हे घरी स्पष्ट असू द्यावे. चार वर्षे पूर्ण करणे आवश्यक आहे. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयासोबत गौण विषय आणि अन्य शाखेतील विषय घेता येतात, परंतु चौकट विद्यापीठच ठरवते.

उत्तर ३ (देवगड, मच्छीमार)

आपल्या वडिलांना माझ्या वतीने एवढे सांगावे की, या तीन विषयांची मोट मुलाने बांधलेली नाही. ती आपल्या धंद्यातच बांधलेली आहे. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडले जाते, दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढली जातात आणि आलेल्या मासळीचे पैसे वाट्यांनी वाटले जातात. त्या वाट्यांचा हिशेब हे अर्थशास्त्र झाले. मासळी किनाऱ्याजवळ का येत नाही, हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर (मासळीच्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) निर्बंध घातले आणि दर पावसाळ्यात मासेमारीबंदी असते. हे सारे कायद्यात येते. यांपैकी एकाच बाजूने पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आमचे म्हणणे समजावून सांगताना आमची किती दमछाक होते, ते आम्हालाच माहीत. म्हणून तिन्ही जाणणारा माणूस आम्हाला हवा आहे.

माझी एकच सूचना आहे. आपल्या घरी रापणीच्या वाट्यांच्या जुन्या वह्या असतील, तर त्यांची छायाचित्रे काढून त्याला आताच पाठवावीत. मासळीची जात, तारीख आणि मिळालेला भाव त्यांत लिहिलेला असेल, तर प्रबंधासाठी तशी सामग्री त्याला तिकडच्या ग्रंथालयात मिळणार नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वह्या आहेत, काही पानांना कसर लागली आहे, पण अक्षर वाचता येते. रसायनशास्त्र पहिल्या सत्रातच घेण्याविषयी भावाला आज कळवते. उत्तर १ मधील लेखी समर्थन तो मराठीत लिहून प्रथम बाबांना वाचायला देणार आहे.