जुन्या पुस्तकातून जावास्क्रिप्ट: उदाहरणं चालत नाहीत

नवशिकी: पुस्तक २०११ चं आहे. बटणाला क्लिक जोडायचं उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं, तर कन्सोलमध्ये ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ येतं. जेसन फाइल (माहिती साठवायची मजकूर फाइल) वाचायच्या उदाहरणात कॉर्सची, म्हणजे ब्राउझरने फाइल वाचू द्यायला नकार दिल्याची, लाल ओळ. पुस्तक बदलू का?

कंसातला: तुमचा स्क्रिप्ट टॅग हेडमध्ये असणार. ब्राउझर एचटीएमएल वरून खाली वाचतो; स्क्रिप्ट चालते तेव्हा बटण तयारच झालेलं नसतं, म्हणून नल, म्हणजे ‘काहीच सापडलं नाही’. टॅगमध्ये ‘डिफर’ लिहा, म्हणजे पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालेल. मात्र कोड वेगळ्या फाइलमध्ये हवा. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर डिफरचा परिणाम होत नाही. तो कोड बॉडी बंद होण्याआधी ठेवा. आयडीचं स्पेलिंगही एकदा तपासा, त्यानेही हीच एरर येते.

लोकलहोस्ट: कॉर्सचं कारण म्हणजे पान डबलक्लिक करून उघडलंय. पत्ता ‘फाइल’ने सुरू होत असेल तर ब्राउझर शेजारची फाइलही वाचू देत नाही. पायथन ३ असेल तर त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून त्याचं एचटीटीपी सर्व्हर मोड्यूल चालवा आणि लोकलहोस्टच्या (म्हणजे तुमच्याच संगणकाच्या) ८००० पोर्टवर पान उघडा. कोड बदलूनही जुनंच दिसलं, तर डेव्हटूल्स (कन्सोल असतो तीच ब्राउझरची साधनं) उघडे ठेवून नेटवर्कमध्ये कॅश (साठवलेली जुनी प्रत) बंद करा.

कंसातला: पुस्तक ठेवा. डॉम (पानाची झाडासारखी रचना), इव्हेंट बबलिंग (क्लिक आतल्या घटकाकडून बाहेरच्यांकडे जाणं), क्लोजर (फंक्शनने बाहेरची व्हेरिएबल्स लक्षात ठेवणं) ही प्रकरणं आजही तितकीच खरी आहेत. ‘अटॅचइव्हेंट’ (क्लिक जोडायची जुनी पद्धत) आलं की पान उलटा, ते जुन्या इंटरनेट एक्सप्लोररपुरतं होतं. शून्य ते दोनच्या लूपमध्ये सेटटाइमआउट (कोड थोड्या वेळाने चालवणारं फंक्शन) लावून लूपचा मोजणारा ‘आय’ छापा: तो ‘व्हार’ने घोषित केला तर ३, ३, ३ येतं, ‘लेट’ने ०, १, २. हे का होतं ते कळेपर्यंत पुढचं प्रकरण उघडू नका.