दुकानांच्या वर फ्लॅट बघितलाय, नकाशावर 'कार्यालय' लिहिलंय, घ्यावा का?

जळगावचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, रिंग रोडकडे एक फ्लॅट बघितला, खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाना नि क्लासेस, त्यावर राहायला लोक. पप्पा पुढच्या वर्षी रिटायर होताय, मम्मीचे गुडघे दुखतात, लिफ्ट आहे, भाजीबाजार जवळ, म्हणून दोघांना पसंत. पण मंजूर नकाशाची झेरॉक्स मागितली तर आमच्या गाळ्यावर 'कार्यालय' लिहिलेलं, किचन दाखवलेलंच नाही. बिल्डर म्हणतो ओटा टाकून देतो, सगळे असेच राहताय. जागा कमर्शियल झोनमध्ये आहे, तिथं राहायचं घर चालतं का मुळात? शनिवारी 50 हजार टोकन द्यायचंय.

साइटवरचा_माणूस:
दादा, झोन वेगळा आणि मंजूर वापर वेगळा. झोन म्हणजे डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, त्या जमिनीला दिलेला रंग, कमर्शियलचा निळा, त्याचा दाखला महापालिकेच्या नगररचना विभागात मिळतो. मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला डिसेंबर 2020 पासून युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकच नियमावली, लागू आहे, त्यात कमर्शियल झोनमध्येही राहायची घरं बांधता येतात, खाली दुकान वर बिऱ्हाड हे तर आपल्या पेठांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तुमचं अडेल ते नकाशामुळे. एमआरटीपी कायदा 1966, म्हणजे राज्याचा नगररचना कायदा, त्यामध्ये वापर बदलणं हाही 'विकास'च धरलाय, म्हणजे ऑफिसचं घर करायला परवानगी लागते, नाहीतर कलम 52, 53 खाली कारवाई होऊ शकते आणि नोटीस राहणाऱ्याच्या दारावरही चिकटू शकते. बिल्डरला सांगा सुधारित नकाशा मंजूर करून आण, पार्किंगचा हिशोब, किचनचा उजेड-वारा सगळं त्यात तपासलं जातं, आणि भोगवटा प्रमाणपत्रावर, म्हणजे इमारत वापरायला महापालिका देते त्या दाखल्यावर, 'निवासी' शब्द आला पाहिजे. ओटा टाकून कागद बदलत नाही भाऊ.

धुळ्याची_वहिनी:
आम्ही अशाच गाळ्यात चार वर्षं काढली म्हणून कळकळीनं सांगते. घरपट्टी दुकानाच्या दराने, लाइटचं मीटर कमर्शियल, बँकेनं तर भोगवटा बघूनच होमलोनची फाइल परत दिली. खाली कांडप होतं, चैत्रात मिरची कुटायला लागली की खिडकी उघडायची सोय नाही, लेकरू शिंकून शिंकून लाल व्हायचं. पण ते सोसलं. जिना एकच, आणि रात्री साडेनऊला दुकानदार खालचं शटर ओढून कुलूप लावायचे. सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं त्या रात्री किल्लीवाल्याला उठवून आणेपर्यंत वीस मिनिटं ते जिन्यातल्या पायरीवर बसून होते, घामाने शर्ट चिंब, मी पदराने वारा घालत होते. वाचले ते, पण मी ती वीस मिनिटं विसरले नाही. घरासाठी वेगळा जिना आहे का तो आधी बघा, तोही रात्री दहानंतर जाऊन बघा.

बोदवडकर:
वहिनींचं बरोबर. महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्यांच्या साइटवर प्रोजेक्ट नंबर टाका, मंजूर नकाशे तिथं दिसतात, तुमचा गाळा ऑफिस म्हणून नोंदलाय की फ्लॅट ते कळेल. आमचे आजोबा म्हणायचे, कागद देखी ल्या, मंग पैसा द्या.

जळगावचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. महारेरावर बघितलं, ऑफिसच आहे. काल रात्री पप्पांना घेऊन गेलो, जिना एकच आणि शटर बंद, वरच्या एका काकूंनी गॅलरीतून दोरीने किल्ली खाली सोडली. पप्पा गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाही. बिल्डरला सुधारित नकाशाचं विचारलं तर 'बघू' म्हणाला, टोकन दिलं नाही. पिंप्राळ्याकडे भोगवटा आलेलं काही असेल तर सांगा, लिफ्ट पाहिजेच.