गोव्याला चौदा वर्षं थांबवणारं परराष्ट्र धोरण योग्य होतं का?

पेडणेकर_६१: आमच्या पेडण्यात पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगिजांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यावर दिल्लीने नाकेबंदी आवळली आणि पुढचे सत्याग्रही सीमेवरच अडवले. सैन्य आलं डिसेंबर १९६१ मध्ये! पंचशील, अलिप्तता ही तत्त्वं मोठीच. पण आग्वादच्या तुरुंगात सडणाऱ्यांच्या जिवावर ती का जपायची? कारवाई १९५५ लाच व्हायला हवी होती.

फोंडेकर: तुमचा राग समजतो बाब, पण तेव्हाचं जग बघा. पोर्तुगाल नाटोमध्ये. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांसोबतच्या निवेदनात गोव्याचा उल्लेख 'पोर्तुगीज प्रांत' असा केला. पोर्तुगिजांच्या हातून सुटलेल्या दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताला खेचलं होतं. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी वसाहती संपवण्याचा ठराव केला, गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश स्वयंशासन नसलेले ठरवले, तेव्हा कुठे आपली बाजू भक्कम झाली. तरीही १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा समितीत युद्धबंदी आणि माघार मागणाऱ्या ठरावाला सात मतं पडली, विरोधात चार. सिलोन (आजचं श्रीलंका), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) आपल्यासोबत होते, म्हणून भारत एकटा पडला नाही.

मांडवीकाठ: पण ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकाराने, ते चौथं मत विसरू नका. एका गटाच्या ढालीआड उभं राहावं लागलं, तर अलिप्तता कितपत उरली? पंचशीलाचं मात्र मला वेगळं वाटतं. १९५४ चा तो करार चीनशी, तिबेटच्या व्यापाराबद्दलचा. त्यातलं अनाक्रमण दोन देशांमधलं. दुसऱ्याची भूमी बळकावून बसलेल्याला त्याचं संरक्षण कशाला? नेहरूंनी १९५५ ला बळाचा वापर जाहीरपणे नाकारला, त्याने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला निर्धास्त केलं.

फोंडेकर: आणि १९५६ चं सुएझ? आदल्या वर्षी आपण गोव्यात घुसलो असतो, तर इजिप्तवर हल्ला करणाऱ्या ब्रिटन-फ्रान्सला कोणत्या तोंडाने बोललो असतो? नव्या देशाचं वजन त्याच्या शब्दावर असतं.

पेडणेकर_६१: सालाझार बोलणी करणार नाही, हे १९५३ लाच कळलं होतं, म्हणून तर लिस्बनमधली वकिलात बंद केली. १९६० चा ठराव आला तो आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले म्हणून, आपण थांबलो म्हणून नव्हे. सुएझवर ताठ मानेने बोलता यावं म्हणून आम्ही आणखी सहा वर्षं सोसायचं, हे ठरवताना गोव्यातल्या माणसाला कुणी विचारलं होतं?