ऑफिसात आजाराचं सांगावं का? सोमवारच्या आत ठरवायचंय

गुपचूप_गोळी: प्रोबेशनवर आहे, दोन महिने झाले. सोमवारपासून नाइट लावलीय. सांगितलं तर कन्फर्म करणार नाहीत, नाही सांगितलं तर नाइट करावी लागणार. मागच्या ठिकाणी सांगितलं, तर पंधरा दिवसांत माझा 'परफॉर्मन्स' बिघडला. लवकर सांगा.

रेवा_प: आजार कोणता? शुगर असेल तर आमच्याकडे अर्ध्या ऑफिसला आहे.

गुपचूप_गोळी: शुगर नाही हो. फिट्स. आठवीपासून. लेव्हेटिरासेटामची गोळी चालू आहे.

कलम_बहाद्दर: सांगायची सक्ती कोणी करूच शकत नाही. २०१७ चा कायदा वाचा.

वकील_नाही_पण: तो एचआयव्हीचा! २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांतही अपस्मार नाही. अर्धवट वाचून कुणाला खड्ड्यात घालू नका.

कलम_बहाद्दर: तत्त्व तेच आहे.

सुमनमावशी: लग्न झालंय का रे? लग्नाच्या कायद्यातून फिट्स १९९९ लाच काढल्या, पण मुलीकडच्यांना कोण समजावणार? आमच्या भाच्याचं ठरलेलं मोडलं.

रेवा_प: मावशी, तो नोकरीचं विचारतोय.

निसर्गमित्र: गोळ्या सोडा, ब्राह्मी घ्या.

रात्रपाळी: गोळी बंद करायला सांगू नका हो कुणाला! गुपचूप, काम खुर्चीवरचं की मशीनवरचं? शेवटची फिट कधी, कशाने?

गुपचूप_गोळी: क्यूसी, म्हणजे माल तपासायचा, लाइनवर उभ्याने. पॉवर प्रेस शेजारीच. शेवटची सव्वादोन वर्षांपूर्वी, बहिणीच्या लग्नात दोन रात्री जागलो होतो तेव्हा.

रात्रपाळी: मग नाइट नकोच, आणि दिवसाही प्रेसजवळ नको. मलाही आहेत, अठरा वर्षं. मी 'वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये' एवढीच चिठ्ठी दिली, तीही फॅमिली डॉक्टरची. स्पेशालिस्टच्या लेटरहेडवर 'न्यूरोलॉजिस्ट' छापलेलं असतं, तिथेच सगळं कळतं. शेजारच्या एकाला मात्र सांगून ठेवा: कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अँब्युलन्स.

गुपचूप_गोळी: मागच्या ठिकाणी कांदा हुंगवला, दातांत चमचा घातला. दाताचा टवका उडाला. म्हणून तर सांगावं लागलं होतं. चिठ्ठी उद्याच आणतो. फक्त एक, जॉइन होताना मेडिकल फॉर्मवर 'फिट्स येतात का' होतं, तिथे 'नाही'वर टिक केलीय. चालेल ना?

रात्रपाळी: अहो, हे आत्ता सांगताय?

वकील_नाही_पण: चिठ्ठी थांबवा. आधी त्या फॉर्मवर सहीच्या वर काय छापलंय ते इथे टाका. 'माहिती खोटी आढळल्यास' असं काही आहे का?

सुमनमावशी: बाईक चालवतोस का रे?